कऱ्हाडच्या पूर्वेस

चार दिवसांची सुटी जवळ आली म्हणजे आमच्या घरात जो वाद सुरू होतो, तो वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी होत असेल. तरुण मंडळींस महाबळेश्वर हवे, मुलांस समुद्र हवा, वडीलधाऱ्यांस एखादे देवस्थान हवे. आणि ज्याच्या हाती खर्चाचा हिशेब असतो त्यास घरीच राहावयास हवे असते. शेवटी तडजोड म्हणून, जेथे अवघा महाराष्ट्र गेलेला असतो तेथेच आपणही जातो, मोटारींच्या रांगेत अर्धा दिवस काढतो, भाजलेली कणसे खातो आणि परत येतो. आमचे असे कित्येक वर्षे चालले होते.

२०२५ सालच्या आषाढात मात्र आम्ही कडेगावास गेलो. हे नाव ऐकताच शेजाऱ्यांनी "तेथे काय आहे पाहावयास?" असे विचारले, आणि महिन्यापूर्वी आम्हीही तेच विचारले असते. कडेगाव हे सांगली जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. कऱ्हाडहून विट्यास जाणारी सडक धरून पूर्वेकडे निघाले म्हणजे तासाभरात ते लागते. हा सारा मुलूख पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. सह्याद्रीवर बेफाम कोसळणारा पाऊस येथवर येईतो आपली पोतडी रिकामी करतो आणि पुढे नुसते ढग पाठवितो. थंड हवा नाही, धबधबा नाही, समुद्र तर नाहीच. प्रवासाच्या पुस्तकांनी ह्या भागाकडे पाठ फिरवावी ह्यात नवल नाही.

आमच्या घराने पाठ फिरविली होती, तिचे कारण मात्र वेगळे होते. आमचे मूळ गाव कडेगावापासून दोन-तीन कोसांवर. गावाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. तेथे आमच्या आजोबांकडे कुळकर्णीपण होते, वाडा होता, मळा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस महात्माजींची हत्या झाली, मारेकरी महाराष्ट्रातील ब्राह्मण निघाला, आणि पुढील चार-आठ दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या बाजूंस खेडोपाडी ब्राह्मणांची घरे पेटली. आमचा वाडा त्यांत गेला. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ज्यांनी वाचली आहे त्यांस ह्या प्रकरणाविषयी अधिक सांगावयास नको. एवढेच सांगतो की, वाडा पेटविणारे गावचेच होते, आणि आमच्या आत्याबाईंस व अण्णांस कडब्याच्या गंजीआड दडवून रात्री कऱ्हाडच्या वाटेस लावणारेही गावचेच होते. पहिली गोष्ट आमच्या घरात शंभर वेळा सांगितली गेली, दुसरी क्वचितच.

अण्णा म्हणजे आमचे वडील. कुलस्वामिनीच्या दर्शनास ते दरसाल कोल्हापुरास जात. पण मोटार कऱ्हाडच्या जवळ आली की वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरीत आणि कासेगाव मागे पडेपर्यंत खाली घेत नसत. डाव्या हाताच्या मुलखाकडे त्यांस पाहावयाचे नव्हते. घरात कोणी तसा नियम केला नव्हता. परंतु कऱ्हाडच्या पूर्वेस जावयाचे नाही, ही गोष्ट आम्हां मुलांस चुलीला पाय लावू नये ह्याप्रमाणे आपोआप ठाऊक होती.

मग एके सकाळी आमच्या पुतण्याने वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचली. कडेगावचे उंच ताबूत ह्या खेपेस आषाढी एकादशीच्याच दिवशी, म्हणजे ६ जुलै रोजी, भेटणार होते. माजघरात वऱ्याचे तांदूळ निवडीत बसलेल्या आत्याबाईंनी मान वर न करता विचारले, "देशपांड्यांचा ताबूत अजून निघतो का रे?" आत्याबाई पंच्याऐंशी वर्षांच्या. गाव सुटले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत कडेगाव हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही ऐकला नव्हता. घरातील बोलणे थांबले. त्या पुढे म्हणाल्या, "मला एकदा दाखवा. दादा आता नाहीत. त्यांना वाईट वाटायचं नाही."

जाण्याचे ठरले तेव्हा आम्हां पुरुषमंडळींच्या मनात किंचित भीती होती, हे कबूल केले पाहिजे. गर्दीची नव्हे, आत्याबाईंस तेथे काय आठवेल ह्याची.

शनिवारी सकाळी कऱ्हाड सोडले. आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या. थोड्याच वेळात त्या अस्वस्थ झाल्या. कारण बाहेर जे दिसत होते ते त्यांच्या ओळखीचे नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे शाळू, मटकी, हुलगा आणि उघडे माळ होते. आणि सडकेच्या दोन्ही अंगांस जागोजागी ऊस उभा. कऱ्हाडनजीक टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवून ते पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलीत ह्या दुष्काळी तालुक्यांत नेले आहे. खाली वाहणारी नदी माणसाने डोंगर चढविली, असेच म्हणावयाचे. "वाट चुकलो नाही ना?" असे त्यांनी दोनदा विचारले. वाटेत कडेपुराजवळ डोंगराई देवीचा डोंगर दिसला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. डोंगर तरी जागचे हलले नव्हते.

पहिला दिवस आम्ही देवराष्ट्रे व सागरेश्वर ह्यांस दिला. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे आजोळ. १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. ते घर पाहावे. महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री ज्या खोलीत जन्मला ती खोली आपल्या घरातील फडताळाहून फार मोठी नाही. मुलांस ती दाखविण्यासारखी आहे, पण उपदेश करीत दाखवू नये. आमच्या एका बंधूंनी तो केला आणि मुले लगेच बाहेर चिंचा पाडण्यास निघून गेली.

सागरेश्वराचे देऊळ गावाजवळच. भोवती लहान लहान देवळांचा समुदाय, जुने दगडी काम, सावली आणि शांतता. श्रावणातल्या सोमवारी येथे पाय ठेवावयास जागा नसते. आषाढातील त्या शनिवारी आम्ही, एक गुरव आणि दोन मोर एवढेच होतो. देवळामागचा डोंगर चढला की अभयारण्य लागते, आणि आम्हांस ज्याविषयी मुद्दाम लिहावयाचे आहे ते हेच.

हे रान निसर्गाने दिलेले नाही. अर्ध्या शतकापूर्वी हे डोंगर उघडे बोडके होते. जवळच्या मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते ह्या गृहस्थांनी तेथे झाडे लावण्याचा ध्यास घेतला. माणसे गोळा केली, सरकारदरबारी खेटे घातले, गुरे आणि कुऱ्हाड ह्यांपासून रोपे राखली, आणि एका पिढीच्या आत त्या खडकावर जंगल उभे राहिले. मग त्यात हरणे आणून सोडली. १९८५ साली त्यास अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. क्षेत्र फार नाही, सुमारे अकरा चौरस किलोमीटर. पण चितळ, सांबर, काळवीट ह्यांस ते पुरते. लोक मोहित्यांस वृक्षमित्र म्हणत. पदव्या पुष्कळांस मिळतात. ही मात्र झाडांनीच दिलेली दिसते.

वरच्या कड्यावरून खाली कृष्णेचे खोरे दिसते. नदी संथ वळणे घेत गेलेली, काठाने उसाचा गर्द हिरवा पट्टा, मध्येच साखर कारखान्याचे धुराडे, आणि पाठ वळवून पाहिले तर पूर्वेचे फिकट माळ. एकाच ठिकाणी उभे राहून सुबत्ता आणि तहान अशी दोन्ही तोंडे पाहावयास मिळतात. मुलांनी चितळांचा एक कळप पाहिला. रानाच्या कडेला भेटलेल्या एका शेतकऱ्याने मात्र आमच्या कौतुकावर पाणी ओतले. "तुम्हांस्नी हरणं चांगली दिसत्यात. रातच्याला आमच्या शाळवात येत्यात तवा बघायला या." त्याचेही खरेच होते. एकाने लावलेल्या झाडाची किंमत दुसऱ्याच्या पिकातून वसूल व्हावी हे न्यायाचे नाही, आणि त्याची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे एवढे तरी आपण पाहुण्यांनी तेथून बाहेर पडल्यावर म्हणावयास हवे.

मुक्काम आम्ही विट्यास केला. कडेगावात आमच्यासारख्या दहा-बारा माणसांच्या कुटुंबाची नीट सोय होईल असे स्थळ आम्हांस आढळले नाही. बायकांस व वृद्धांस घेऊन जाणारांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी; तसेच डबा, पाणी, छत्री ही बरोबर असू द्यावी. मोहरमच्या दिवशी सकाळी लवकर गावात शिरावे आणि एखाद्या घराच्या गच्चीवर जागा मागावी. लोक ती आनंदाने देतात.

आता ताबुतांविषयी. कोणी ह्यास केवळ जत्रा समजेल, म्हणून आधी हे सांगितले पाहिजे की मोहरमचा दहावा दिवस हा शोकाचा दिवस आहे. इसवी सन ६८० मध्ये करबलाच्या रणात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती तहानेने व्याकूळ होऊन मारले गेले. ताबूत ही त्यांच्या समाधीची प्रतिमा. महाराष्ट्रात हा शोक हिंदूंनीही आपला मानला होता. पुण्यात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ब्राह्मणांच्या घरची मुलेसुद्धा फकीर होत आणि नवस फेडीत. १८९३-९४ मधील दंग्यांनंतर पुण्याच्या हिंदूंनी ताबुतांतून अंग काढून घेतले, सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, आणि ताबुतांपुढल्या टोळ्यांची जागा गणपतीच्या मेळ्यांनी घेतली. हा इतिहास आपल्याकडे सर्वश्रुत आहे. तो बरा की वाईट ह्याचा खल आम्ही येथे करीत नाही. पण कडेगावात ते सूत तुटले नाही, एवढे खरे.

कडेगावात अशी गोष्ट सांगतात की, तेथील देशपांडे घराण्यातील एक पुरुष कऱ्हाडास ताबूत पाहावयास गेले असता त्यांचा मान राखला गेला नाही; तेव्हा ते तडक गावी परतले आणि कऱ्हाडच्याहून उंच ताबूत आपल्या गावात उभे करण्याचा त्यांनी निश्चय केला. ब्राह्मणाच्या रुसव्यातून मोहरम वाढावा, ही गोष्ट ऐकून आमच्या मंडळींस हसू आले. पण तिच्यात काही तथ्य असावे असे वाटते, कारण रुसण्याची ती रीत आम्हांस घरातच पाहावयास मिळाली होती. आज तेथे निघणाऱ्या ताबुतांत मुसलमानांचे आहेत तसे हिंदूंचेही आहेत. देशपांडे, पाटील, शेटे, अत्तार, बागवान अशी नावे एका दमात सांगितली जातात, आणि सांगणाऱ्याच्या स्वरात त्यांतील फरक जाणवत नाही.

ताबूत बांधण्याची रीत विलक्षण आहे. कळकाच्या कामट्यांचा सांगाडा, सुताची गुंडाळणी आणि वर चिकणमाती, खिळा नाही. इमारत आपण पायापासून वर नेतो. येथे आधी कळस बांधतात, तो उचलून धरतात, त्याखाली दुसरा मजला बांधतात, तो उचलून त्याखाली तिसरा. अशा रीतीने कळस दिवसेंदिवस आकाशात चढत जातो आणि पाया सर्वांत शेवटी येतो. वर रंगीबेरंगी कागदाची नक्षी. उंची शंभर-सव्वाशे फुटांची, आणि कित्येकांची त्याहूनही अधिक सांगतात. असे हे मनोरे माणसांच्या खांद्यांवरून गावातून फिरतात. वाटेवरल्या तारांची व्यवस्था आधीपासून करून ठेवावी लागते.

आम्हांस गच्ची मिळाली ती एका निवृत्त मुसलमान शिक्षकांच्या घरची. खाली पाहावे तो पागोटी, टोप्या, पदर आणि उघडी डोकी ह्यांचा एकच गालिचा. त्यात पुढाऱ्यांच्या मुखवट्यांचे मोठमोठे फलकही होते, ते नसते तर बरे झाले असते. शंभर फुटी ताबुतासमोर सहा फुटी चेहरा केविलवाणा दिसतो, हे लावणारांच्या ध्यानात कसे येत नाही कोण जाणे. मेळकऱ्यांनी करबलाची गाणी म्हटली. मग चौकाच्या दोन बाजूंनी दोन ताबूत येऊ लागले. अगोदर घरांच्या माथ्यावरून नुसते कळस सरकताना दिसतात, माणसे दिसत नाहीत. जणू देवळांची शिखरेच चालावयास लागली आहेत. वळणावर एक ताबूत डुलला आणि सबंध चौकाने श्वास आवरला. मग तो सावरला. दोघे समोरासमोर आले, एकमेकांस टेकले. आणि खालून जो गजर उठला त्याने गच्चीचा कठडा आमच्या हाताखाली थरथरला.

आत्याबाई खुर्चीवर बसून होत्या. त्यांच्या डोळ्यांस पाणी येईल अशी आमची अपेक्षा होती; तसे काही झाले नाही. त्या बोटांवर काहीतरी मोजीत होत्या. विचारले तेव्हा म्हणाल्या, "मी पाहिला त्या वेळी थंडी होती. वडिलांच्या खांद्यावर मी, आणि त्यांच्या अंगावर घोंगडी. त्या दिवशीही आईचा उपास होता. एकादशीच असली पाहिजे."

पुढे आम्ही जुने पंचांग काढून पाहिले. १९४७ सालचा मोहरम नोव्हेंबरच्या अखेरीस, कार्तिकी एकादशीच्याच सुमारास आला होता. ह्यात चमत्कार काही नाही. मुसलमानांचा महिना द्वितीयेच्या चंद्रकोरीने सुरू होतो. तेव्हा त्यांची दहावी तारीख आपल्या शुद्ध एकादशीच्या मागेपुढेच पडावयाची. महिना कोणता हेच काय ते बदलते. दोघांचाही हिशेब चंद्राचा. आपण दर तीन वर्षांच्या आसपास एक अधिक मास घालून सूर्याशी मिळते घेतो, ते घेत नाहीत. म्हणून २०२४ आणि २०२५ ह्या लागोपाठ दोन वर्षी आषाढी व मोहरम एकाच दिवशी आले. आत्याबाईंस ही गणिते ठाऊक नव्हती. त्यांस फक्त आईचा उपास आठवत होता.

गच्चीवर ते शिक्षक आमच्याजवळ येऊन बसले. त्यांच्या पत्नीने चहा आणला आणि आत्याबाईंपुढे कप धरून म्हटले, "आज तुमची एकादशी. चहा चालतो ना, आजी? मी नवा टोप घेतला आहे." आत्याबाईंनी कप घेतला. मग शिक्षकांनी सहज विचारले, "आजी, मूळच्या कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

आमच्यापैकी दोघांनी एकदमच "पुण्याचे" असे उत्तर दिले. आत्याबाईंनी हात वर करून आम्हांस थांबविले आणि गावाचे नाव सांगितले. मग माहेरचे आडनावही सांगितले.

शिक्षक क्षणभर गप्प राहिले. त्यांचे वय सत्तरीच्या आतले; जे झाले ते त्यांच्या जन्मापूर्वीचे. "म्हणजे कुळकर्णी मळा तुमचाच की," ते म्हणाले. "माझा मावसभाऊ असतो त्या गावात. कुळकर्णी मळ्याला आता सगळा ऊस आहे. टेंभूचं पाणी आलं ना."

"मळा अजून आमच्या नावाने आहे?" पुतण्याने घाईने विचारले.

"नाही, नाही. कागदावर दुसऱ्यांचा आहे. बोलण्यात कुळकर्णी मळाच."

वाडा आगीने गेला. जमीन १९५७ साली कूळकायद्याने गेली. जो कसतो त्याची जमीन व्हावी ह्यात अन्याय होता असे आम्हांस आज वाटत नाही; अण्णांस मरेपर्यंत वाटत असे, आणि दोन्ही गोष्टी त्यांनी मनात एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या. ज्या जिभेवर आमचे नाव उरले नाही असे ते समजत होते, त्याच जिभेवर ते रोज येत होते. आणि ते नाव घेणाऱ्यांस त्यात विशेष काही वाटतही नव्हते. अण्णांनी एकदा वर्तमानपत्र खाली घेतले असते तर, असे मनात आले. परंतु ज्याने रात्रीच्या अंधारात धाकट्या बहिणीचा हात धरून कऱ्हाडची वाट तुडविली, त्यास खुशाल मोटारीत बसलेल्यांनी हे शिकवू नये.

आत्याबाईंनी विचारले, "विहिरीजवळ एक शेपू आंबा होता, तो आहे का?" शिक्षकांस ते ठाऊक नव्हते. विचारून कळवितो, म्हणाले.

निघताना त्या बाईंनी एका पानात काही बांधून दिले. मोहरमच्या दिवसांत करतात ते चोंगे होते. कणीक व गूळ ह्यांच्या, वर नक्षी उमटविलेल्या, तुपातल्या गोड पोळ्या. उपास असल्यामुळे आत्याबाईंनी ते तसेच पिशवीत ठेवले. मोटारीत बसल्यावर मात्र एक गोष्ट सांगितली, ती आजवर आम्हांस ठाऊक नव्हती. लहानपणी शेजारच्या मुलाणी आळीतून त्यांस कोणीतरी चोंगा दिला होता. तो त्यांनी गोठ्यामागे उभ्याने खाल्ला आणि घरी सांगितले नाही. त्याचे प्रायश्चित्त आपणांस वाडा जळण्याच्या रूपाने मिळाले, असे त्या आठ वर्षांच्या मुलीने ठरवून टाकले होते आणि पुढे बरीच वर्षे मनात बाळगले होते. "वेडच ते," त्या म्हणाल्या. आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी, द्वादशीस, विट्याच्या मुक्कामी आत्याबाईंनी स्नान केले, तुळशीचे पान तोंडात घातले आणि पारणे सोडले ते त्या चोंग्याने. आमच्या वहिनी जरा चपापल्या. मग त्यांनीही एक तुकडा मागून घेतला.

परतीच्या वाटेवर किर्लोस्करवाडी पाहिली. कडेगावच्या बाजूस जाणाऱ्या कोणी ती चुकवू नये. पुणे-मिरज लोहमार्गावर तिचे स्थानकही आहे. १९१० साली औंधच्या संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला नांगराचा कारखाना आणला. १९२० साली तेथूनच 'किर्लोस्कर खबर' निघाले, मग 'स्त्री' आणि 'मनोहर'. आमच्या आजीने अक्षरे गिरविली ती पाटीवर, पण वाचावयास शिकली ती ह्या मासिकांवर, असे घरात सांगतात. दूरच्या माळावरून निघणारा कागद खेड्यातल्या माजघरात येऊन पडे आणि सासवा तो सुनांच्या हातून काढून घेऊन आधी आपण वाचीत. त्याच कुंडलने १९४३ पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारास आसरा दिला. एवढ्याशा टापूत इतके घडलेले आहे की दोन दिवस अपुरे पडतात. कुंडलचा जैन डोंगर आणि कृष्णाकाठचे औदुंबर आम्हांस ह्या खेपेस सोडावेच लागले.

किर्लोस्करवाडीच्या झाडांच्या रांगांतून हिंडताना आत्याबाई म्हणाल्या, "आम्ही निघालो त्याच दिवसांत इथेही जाळलं होतं. इकडच्या आभाळाला उजेड होता म्हणून वडील सांगत." ते खरे आहे. १९४८ च्या त्या वावटळीत कारखान्यासही आग लावण्यात आली आणि पुष्कळ भाग जळाला. पुढे कारखाना पुन्हा उभा राहिला आणि ज्यांच्या गावांतून जमाव आले असतील त्याच गावांतील माणसे तेथे पुन्हा कामास येऊ लागली. आत्याबाई फाटकाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. पाळी सुटण्याची वेळ होती. सायकली, दुचाक्या, जेवणाचे डबे असा लोंढा बाहेर पडत होता. त्यांतील एकाने, म्हातारे माणूस उन्हात उभे आहे असे पाहून, त्यांस पाराची सावली दाखविली.

किर्लोस्करवाडीस येताना वाटेत आमच्या गावचा फाटा लागला होता. पुतण्याने न विचारताच मोटारीचा वेग कमी केला. आतली वाट पावसाने चिखलाची झाली होती आणि उसाच्या गाड्यांनी तिच्यात खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. आत्याबाईंनी पाटीवरील नाव वाचले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आज नको. मोटार रुतेल." आम्ही कोणी काही बोललो नाही, मोटार पुढे गेली.

पुण्यास आल्यावर चार दिवसांनी शिक्षकांचा निरोप आला. शेपू आंबा नाही, विहीर आहे. आत्याबाईंनी तो दोनदा वाचून घेतला. मग पंचांग मागविले, भिंग लावून बराच वेळ पाने उलटली आणि वहिनींस सांगितले, "पुढल्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे मोहरम आषाढात नाही यायचा, ज्येष्ठातच येईल. पाऊस फारसा लागलेला नसेल; आतली वाट कोरडी असेल."